बीचच्या बुंध्याशी आळं नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बीच या थंड प्रदेशातल्या वृक्षावरचा लेख आला, तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने, कारण या झाडावर मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात फारसं आलेलं नाही. दुसऱ्यांदा मात्र हातात पेन्सिल घेऊन. लेखात तीन ठिकाणी मी रेघा ओढल्या आहेत. दरवर्षी बुंध्याभोवती आळं खणून त्यात खत मिसळावं, असं एका ठिकाणी म्हटलं आहे. खालच्या फांद्या काढून खोड मोकळं करावं, असं दुसऱ्या ठिकाणी. आणि हिवाळ्यात वाळलेली पानं फांदीवर तशीच राहिली तर झाड रोगट समजावं, असं शेवटी. लेखकांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आपण ज्या झाडांच्या संगतीत वाढलो, त्यांना आळं करणं, खत घालणं, पाणी देणं हीच माया असते. बीचला मात्र ही माया सोसत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. एक मोठा, उभा बीच मी स्वतः असाच घालवला आहे.

आम्ही राहायला आलो तेव्हा ते झाड आवाराच्या कोपऱ्यात होतं. मी आणि आमचे हे, दोघांनी हात पसरले तरी बुंध्याला कवेत घेता येत नसे. साल करडी, गुळगुळीत, हात फिरवला तर गार लागायची. खालच्या फांद्या इतक्या खाली आलेल्या की त्यांची टोकं जवळजवळ जमिनीला टेकत. आणि त्या घेराच्या आत गवताचं एक पातं नव्हतं. नुसता तांबूस पाचोळ्याचा थर, पाय टाकला की घोटा बुडावा एवढा. ते पाहून मला वाटलं, झाडाची आबाळ झाली आहे. जमीन उपाशी आहे, उजेड नाही, कुणी लक्ष दिलेलं नाही. बीचच्या दाट सावलीत फारसं काही उगवत नाही आणि तो पाचोळा हेच त्याचं खत असतं, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी कामाला लागले. दाताळ्याने सगळा पाचोळा ओढून काढला. कुदळीने वीतभर खोल आळं खणलं, चांगलं पाच फूट रुंद. खणताना बोटाएवढी मुळं सारखी आडवी येत, ती मी कापून बाजूला टाकली. त्यावर अर्धा फूट नवीन माती आणि खत घालून फुलझाडं लावली. नैर्ऋत्येच्या बाजूच्या तीन मोठ्या खालच्या फांद्या कापवून घेतल्या, म्हणजे फुलांना ऊन मिळेल. पहिलं वर्ष फार सुंदर गेलं. येणारे जाणारे थांबून बघत.

दुसऱ्या वर्षीही झाडात काही वावगं दिसलं नाही, आणि इथेच माणूस फसतो. बीचच्या पुढच्या वर्षीच्या पालवीची तयारी आदल्या उन्हाळ्यातच कळ्यांमध्ये झालेली असते. त्यामुळे यंदा झाडाला दुखलं तर ते उमटतं पुढच्या वर्षी, कधी त्याच्याही पुढच्या. तिसऱ्या वर्षी शेंड्याकडची पानं लहान निघाली आणि पानगळीच्या आधीच पिवळी पडली. चौथ्या वर्षी शेंडा उघडा पडला. जिथल्या फांद्या कापल्या होत्या, तिथे खोडावर दुपारचं ऊन थेट यायला लागलं होतं. त्या बाजूची साल आधी लालसर झाली, मग उभी तडकली, मग तिचे पापुद्रे सुटले. सातव्या पानगळीत बुंध्याशी एकावर एक पंखे ठेवावेत तशी भली मोठी तपकिरी बुरशी उगवली. झाडांच्या एका जाणकाराला बोलावलं. त्याने लाकडी हातोड्याने बुंध्यावर टकटक केलं, मुळांच्या माथ्याशी थोडी माती बाजूला केली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मेरिपिलस नावाची ही बुरशी मुळं खालच्या अंगाने कुजवते. वर झाड हिरवं दिसत असतं आणि खाली त्याचा आधार गेलेला असतो. बुरशी कदाचित आधीही एखाद्या मुळात असेल, असं तो म्हणाला, तो माणूस भला होता. पण तिला पन्नास दारं मी कुदळीने उघडून दिली होती. झाड रस्त्याच्या अंगाला होतं, तेव्हा ठेवणं शक्य नव्हतं. तोडल्यावर मी बुंध्याची वर्तुळं मोजली. एकशे तेहेतीस भरली. शेवटची सहा-सात कागदाच्या कडेएवढी बारीक होती.

म्हणून आधी मुळांबद्दल लिहिते, कारण बीचचं सगळं दुखणंखुपणं तिथून सुरू होतं. एवढं उंच झाड आहे (युरोपातला बीच, फॅगस सिल्व्हॅटिका, तीस ते चाळीस मीटर जातो), तेव्हा त्याचं मूळ तसंच खोल गेलं असेल असं वाटतं. तसं ते जात नाही. खोल जाणारं सोटमूळ मोठ्या झाडात उरत नाही. मुळं आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर, आणि पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या हातभर मातीतच असतात. इंग्लंडच्या दक्षिण भागात ऑक्टोबर 1987 मध्ये वादळ झालं, त्यात साधारण दीड कोटी झाडं पडली आणि बीचचं नुकसान फार मोठं होतं. उन्मळून पडलेल्या झाडांची मुळं एखाद्या ताटासारखी सपाट उभी राहिलेली चित्रांत दिसतात. या बारीक मुळांच्या टोकांवर एका वेगळ्या, उपकारी बुरशीचं वेष्टण असतं. ती बुरशी झाडाला पाणी आणि क्षार आणून देते, झाड तिला साखर देतं. वर पाचोळा, त्याखाली ही मुळं आणि बुरशीची जाळी. आळं खणलं की नेमका हाच थर आपण उलथतो.

मातीची भर घालणं तर खणण्याहून वाईट. मुळांना हवा लागते. अर्धा फूट माती वर आली की हवा तोडली जाते आणि झाड वर्षानुवर्षं हळूहळू गुदमरतं. मोठ्या बीचखाली गाडी उभी करणं, बांधकामाची वाळू-खडी टाकणं, फरशी घालणं, सगळ्याचा परिणाम तोच. लंडनजवळच्या क्यू उद्यानात एक जुना ओक त्या 1987 च्या वादळात मुळांसकट वर उचलला गेला आणि पुन्हा जागच्या जागी बसला. ते झाड काही वर्षं मरगळलेलं होतं. उचलल्यानंतर तीनेक वर्षांत त्याला नवा जोम आला, कारण पायांनी दडपून गेलेली माती त्या धक्क्याने सुटी झाली होती. तेव्हापासून तिथे झाडांखालची घट्ट माती हवेच्या दाबाने मोकळी करतात. हवेने, कुदळीने नव्हे. हा फरक वाचकांनी कृपया लक्षात घ्यावा.

आता साल. ओकची साल जाड, भेगाळ होते, बीचची आयुष्यभर पातळच राहते. म्हणून तर लोकांना तिच्यावर नावं कोरायचा मोह होतो. ती अक्षरं कधी जात नाहीत, वरही सरकत नाहीत, खोड जाड होईल तशी फक्त रुंद होतात. आमच्या झाडावरही कुणाची तरी दोन अक्षरं होती, तळहाताएवढी झालेली. ही साल सावलीसाठी घडलेली आहे. झाड आपल्या खालच्या फांद्यांनी स्वतःच्याच खोडावर छत्री धरतं. ती छत्री आपण डौलासाठी कापली की पातळ सालीखालचा जिवंत थर उन्हाने भाजतो. शेजारचं झाड किंवा भिंत अचानक काढली तरी हेच होतं. शिवाय मोठ्या फांदीची जखम बीचला लवकर भरून काढता येत नाही, तिथून कुज आत शिरते. वाळलेली किंवा मोडलेली फांदी काढावीच लागते, पण हिरवी, मोठी, खालची फांदी कारण असल्याशिवाय कापू नये.

छाटणी मुळीच सोसत नाही असं मात्र नाही. कोवळ्या वयापासून बारीक फांद्या खुडत गेलं तर बीचचं उत्तम कुंपण होतं. स्कॉटलंडमध्ये मायकलूर इथे 1745 मध्ये लावलेलं बीचचं कुंपण आजही उभं आहे, सुमारे 530 मीटर लांब आणि जवळजवळ तीस मीटर उंच. कुंपणासाठी रोपं हात-सव्वा हाताच्या अंतराने लावतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी वर्षातून एकदा कातरतात.

पानांबद्दलच्या त्या शेवटच्या वाक्याने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं, कारण ते वाचून कुणी निरोगी रोप उपटून टाकेल. कोवळे बीच, मोठ्या झाडांच्या खालच्या फांद्या आणि कातरलेली कुंपणं हिवाळाभर आपली वाळलेली पानं धरून ठेवतात. तांब्याच्या रंगाची, कुरकुरीत पानं. वाऱ्याने त्यांचा आवाज होतो. वसंतात नव्या कळ्या फुगल्या की ती गळतात. हा त्या झाडाचा स्वभाव आहे. रोप जिवंत आहे का, हे पाहायचं असेल तर कळी बघावी. बीचची कळी लांब, सडपातळ, टोकदार असते, सुताराच्या पेन्सिलीला टोक काढावं तशी. ती भरीव आणि तुकतुकीत असेल आणि फांदीची साल नखाने किंचित खरवडल्यावर खाली हिरवं दिसलं, तर निश्चिंत असावं.

त्या गेलेल्या झाडाने जायच्या आदल्या वर्षी बियांचा पूर आणला होता. बीच दरवर्षी भरभरून फळत नाही. काही वर्षं जवळपास रिकामी जातात आणि मग एका वर्षी दूरदूरची झाडं एकदमच लगडून जातात. काटेरी बोंड चार पाकळ्यांनी उघडतं आणि आत दोन तिधारी, तपकिरी बिया असतात. मी ओंजळभर गोळा केल्या होत्या, नात लहान होती तेव्हा, तिला खेळायला. झाड गेल्यावर त्याच बियांमधून उगवलेल्या रोपाकडे माझा जीव लागला. लेखात बियांवर एकच ओळ आहे, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

बी आधी पाण्यात टाकावी. तरंगते ती पोकळ, बुडते ती ठेवावी. वाळवून बरणीत ठेवू नये, फार सुकली तर मरते. ओलसर वाळूत मिसळून तीन-चार महिने थंडीत ठेवावी लागते. ती थंडी मिळाल्याशिवाय आतला कोंब जागा होत नाही. मी लाकडी खोक्यात भरून बाहेर ठेवली आणि वर बारीक जाळी ठोकली, कारण उंदरांना ही बी फार आवडते. साठ बियांतून बावीस उगवल्या. रोप पहिल्यांदा पाहिलं तर बीचचं वाटतच नाही. दोन जाड, पंख्यासारखी दलं, वरून गर्द हिरवी आणि खालून पांढुरकी, आणि त्यांच्या मधून मग खरी पानं येतात, काठाला रेशमी लव असलेली. त्या वसंतात उशिरा एक रात्र गारठ्याची आली आणि एका रात्रीत अकरा रोपं काळी पडली. कोवळ्या बीचला उशिराच्या हिमाचं फार भय असतं. उरलेल्यांवर मी रात्री जुनी चादर पसरायला लागले. त्यातली काही लोकांना वाटून टाकली, काही गेली, एक मी ठेवलं.

जागा निवडायला मला महिना लागला. पाणी साचणारी, चिकट, घट्ट माती बीचला चालत नाही. चुनखडीची असो, आम्लधर्मी असो, निचरा मात्र हवा. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत त्याचा घेर वीस मीटर होणार, हे धरूनच भिंतीपासून आणि वाटेपासून अंतर सोडायला हवं. पानं गळून झाड झोपलेलं असताना, जमीन गोठलेली नसेल अशा दिवशी लावलं. खड्डा रुंद पण उथळ. मुळं जिथून फुटतात ती जागा जमिनीच्या पातळीला, एक बोटही खाली नाही. खड्ड्यात खत घातलं नाही. वर चार बोटं पाचोळा पसरला, पण खोडाला टेकू दिला नाही, कारण ओला पाचोळा पातळ साल कुजवतो. पाणी पहिले तीन उन्हाळे आठवड्यातून एकदा, भरपूर आणि सावकाश, खोडाशी नव्हे तर सभोवार. रोज तांब्याभर शिंपडलं तर मुळं आणखीच वर येतात. भोवती जाळी लावली, कारण ससे कोवळी साल कुरतडतात. खारींचा धोका पुढे येतो, झाड दहा वर्षांचं झाल्यावर. करड्या खारी चांगल्या जाड झालेल्या खोडाचीही साल सोलतात.

पहिली तीन वर्षं ते गुडघ्याच्या वर गेलं नाही. आमचे हे रोज विचारायचे, जगेल का. चौथ्या वर्षापासून हातभर, कधी थोडं जास्त, असं वाढायला लागलं. आज त्याला एकोणीस वर्षं झाली आहेत आणि ते घराच्या पागोळीच्या वर गेलं आहे. या सगळ्या काळात मी त्याच्या बुडाशी कुदळ लावलेली नाही. उगवलेलं तण हाताने उपटते. त्याची पानं त्याच्याच खाली राहू देते.

किडीचं थोडक्यात सांगते. पानाखाली पांढरा कापूस दिसला तर तो मावा असतो, मोठ्या झाडाला त्याने फारसं काही होत नाही, फवारणी करत बसू नये. पानांच्या शिरांमध्ये गडद पट्टे दिसले आणि पान जाड, चामड्यासारखं झालं तर मात्र लगेच जाणकाराला दाखवावं. अमेरिकेत ओहायो राज्यात 2012 मध्ये हा रोग प्रथम दिसला. कळीच्या आत राहणारा सूक्ष्म सूत्रकृमी तो आणतो. बाहेरून रोपं आणताना हे तपासलं पाहिजे. मला स्वतःला रोगांपेक्षा दुष्काळाची भीती जास्त वाटते. मुळं वर असल्यामुळे कोरडा उन्हाळा बीचला आधी लागतो. ब्रिटनमध्ये 1976 च्या अवर्षणात आणि मध्य युरोपात 2018 नंतरच्या कोरड्या उन्हाळ्यांत जुने बीच मोठ्या संख्येने वाळले. अशा उन्हाळ्यात मोठ्या झाडालाही घेराच्या कडेने पाणी द्यावं आणि पाचोळा तर हलवूच नये.

लेखात हे झाड कुठेही लावता येईल असं सूचित झालं आहे, तेही दुरुस्त व्हावं. बीचला कित्येक आठवड्यांची खरी थंडी हवी, त्याशिवाय त्याच्या कळ्या नीट फुटत नाहीत. कायम उष्ण हवेत लावलेलं रोप एक-दोन वर्षं तग धरून मरतं. आणखी एक घोटाळा नावामुळे होतो. आपल्या करंजाला इंग्रजीत 'इंडियन बीच' म्हणतात. करंज शेंगवर्गातला, बीच ओक आणि चेस्टनटच्या कुळातला. दोघांचा काही संबंध नाही, आणि एकाची निगा दुसऱ्याला लावू नये.

शेणखताशिवाय आणि आळ्याशिवाय झाड कसं जगेल, असं कुणाला वाटेल, म्हणून एक उदाहरण देते. कार्पेथियन डोंगरांतल्या बीचच्या आदिम अरण्यांना युनेस्कोने 2007 मध्ये जागतिक वारसा ठरवलं. 2011, 2017 आणि 2021 मध्ये त्यात भर पडत आता अठरा देशांतली बीचची राई त्या यादीत आहे. ही अरण्यं यादीत आली ती माणसाचा हात फार कमी लागला म्हणूनच. तिथे पडलेलं झाड पडल्या जागी कुजतं आणि त्याच मातीत पुढचं रोप उभं राहतं.

आपल्याला विनंती आहे की या गोष्टींची दुरुस्ती पुरवणीत छापावी, आणि शक्यतो लवकर. पानगळ संपली की बीचची रोपं लावायचा हंगाम सुरू होतो, आणि बरेच लोक त्याच सुमारास आधीच्या मोठ्या झाडांभोवतीही साफसफाई काढतात. तो लेख कापून ठेवून कुणी हातात कुदळ घेण्याआधी ही दुरुस्ती त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी. जागा कमी असेल तर माझं बाकीचं पत्र गाळलं तरी चालेल, फक्त आळ्याचा आणि पाचोळ्याचा भाग राहू द्यावा.

आपली,
एक नियमित वाचक